कॅम टाकू का, दादा? लातूरच्या एका व्हॉइस नोटचं उत्तर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, कानात हेडफोन घालून घरच्यांच्या शिव्या खायच्या नाहीत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे तेवढे नीट तपासून घेतलेत.

झालं असं की मागच्या आठवड्यात लातूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पोरगा वीस-एकवीसचा असेल. मागं गंजगोलाईतल्या गर्दीचा आवाज. म्हणतो, “दादा, माझ्याकडं पप्पांची जुनी पल्सर १५० हाय, कार्बोरेटरवाली. दर शनिवारी नांदेडला मावशीकडं येतो. अहमदपूरच्या पुढं गाडी दमच धरत न्हाई. एकजण स्टेज वन आन् स्टेज टू असे दोन कॅम दाखवायलाय. नऊ हजार साठवलेत. कोणता टाकू?”

नऊ हजार. पोरानं कशातून साठवले असतील ते मला माहीत आहे, कारण मीही तसेच साठवले होते आणि कॅमवरच घातले होते. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. “थांब, पूर्ण भागच करतो” म्हणालो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दर वेळी कमेंटमध्ये कोणीतरी विचारतंच. आरएक्स १०० ला कोणता कॅम बसेल? कोणताच नाही. ती टू-स्ट्रोक आहे, तिला फोर-स्ट्रोकसारखे वॉल नाहीत, म्हणून कॅमही नाही. तिथं सगळा खेळ सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टचा. आज आपण फोर-स्ट्रोकबद्दल बोलतोय.

तर कॅम म्हणजे काय? हेडमध्ये फिरणारा एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. उंचवटा रॉकरला ढकलतो, रॉकर वॉलला ढकलतो, वॉल उघडतो. किती उघडतो ते लिफ्ट. किती वेळ उघडा राहतो ते ड्युरेशन, आणि ते क्रँकच्या अंशांत मोजतात. बस, एवढंच. पण या दोन आकड्यांवर गाडीचा स्वभाव ठरतो.

मला हे समजलं ते आपल्या एसटीमुळं. लाल डब्याला एकच दार. गाडी फलाटाला लागली की उतरणारे उतरतायत आणि चढणारे त्याच वेळी घुसतायत. हेच ओव्हरलॅप! एक्झॉस्ट वॉल पूर्ण बंद व्हायच्या आधीच इनलेट वॉल उघडायला लागतो. गर्दी जोरात असेल, म्हणजे आरपीएम जास्त असेल, तर बाहेर पडणारा लोंढा आपल्यामागं नव्या हवेला ओढून आत घेतो. फायदाच. पण दुपारी दोनची रिकामी गाडी असेल, सगळं निवांत असेल, तर उतरणारा आणि चढणारा दारात एकमेकाला अडवत बसतात. जळका धूर उलटा इनलेटमध्ये शिरतो, ताजं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. म्हणून मोठ्या कॅमची गाडी आयडलला धडधडते, गचके देते. पोरं त्यालाच “रेसिंग साउंड” म्हणतात. खरं तर ती गाडी त्या वेळी नीट श्वास घेत नसते.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे आणि ती फार कमी मिस्त्री सांगतात. ती म्हणजे इनलेट वॉल बंद कधी होतो. पिस्टन खाली टेकला, पुन्हा वर निघाला, तरी इनलेट थोडा वेळ उघडाच असतो. कंडक्टरनं घंटी दिली, बस हलली, तरी पळत येणारे दोघं-तिघं दांडीला लटकतात ना, तसं. हवेला वेग असतो, ती पिस्टन उलटला तरी आत शिरत राहते. जास्त आरपीएमला हे लटकणारे जास्त, म्हणून दार उशिरा बंद केलेलं बरं. पण कमी आरपीएमला पळत येणारं कोणी नसतं. दार उघडं राहिलं तर आत बसलेलेच बाहेर पडतात. पिस्टन वर येताना आलेली हवा परत कार्बोरेटरकडं ढकलतो, कॉम्प्रेशन पडतं, पिकअप जातो. मोठा कॅम बसवल्यावर किक हलकी लागते ती यामुळंच. मिस्त्री म्हणतो, “बघ कसं मोकळं झालं इंजिन.” मोकळं नाही, पोकळ झालंय.

म्हणजे कॅम ताकद “वाढवत” नाही, असं म्हटलं तरी चालेल. तो ताकद वरच्या आरपीएमकडं सरकवतो. खालून काढतो, वर देतो. म्हणून कॅम निवडताना “किती बीएचपी वाढतील” हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न आहे, “मी गाडी कोणत्या आरपीएमला चालवतो?”

त्या पोराला मी एवढंच काम दिलं. म्हटलं, पुढच्या फेरीला मित्राला मागं बसव आणि त्याला फोनवर मीटरचा व्हिडिओ काढायला सांग. लातूरहून निघाल्यावर पंधरा मिनिटं, अहमदपूरच्या अलीकडं-पलीकडं पंधरा मिनिटं, लोह्याच्या पुढं पंधरा मिनिटं. तू स्वतः काढू नको, हात हँडलवर ठेव. त्यानं व्हिडिओ पाठवले, मी बसून पाहिले. पाचव्या गिअरला काटा बहुतेक वेळ पाच हजाराच्या आसपास. ओव्हरटेकला साडेसहा. सात हजाराच्या वर काटा गेला फक्त दोनदा, दोन्ही वेळा ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरला मागं टाकताना. आता पल्सर १५० ची कमाल ताकद मॉडेलच्या वर्षानुसार आठ ते नऊ हजार आरपीएमला येते. म्हणजे कंपनीनं दिलेल्या कॅमचाच वरचा भाग हा पोरगा वापरत नाही. त्याला त्याहून वर जागा होणारा स्टेज टू देऊन काय करायचं?

ताकदीचा हिशेब एकदा करून बघा, डोक्यात पक्का बसेल. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमनं गुणा, साधारण ७,०२० नं भागा, पीएस मिळतात. २०१२ ची पल्सर २०० एनएस घेऊ. टॉर्क १८.३, तो ८,००० ला. हिशेब केला तर तिथं २०.८ पीएस येतात. पण कंपनी कमाल ताकद सांगते २३.५ पीएस, ९,५०० ला. उलटा हिशेब केला तर ९,५०० ला टॉर्क १७.४ वर उतरलेला असतो. टॉर्क कमी झाला, ताकद वाढली! कारण इंजिन जास्त वेळा फिरतंय. कॅमची सगळी जादू इथंच आहे: वरच्या आरपीएमला टॉर्क पडू द्यायचा नाही.

आणि त्याच वर्षी चाकणच्या त्याच बजाजच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० बाहेर पडली. दोन्हींचा बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ४९ मिमी, दोन्ही १९९.५ सीसी, दोन्हींना चार वॉल. पण एनएसला हेडमध्ये एक कॅम आणि तीन प्लग, ड्यूकला दोन कॅम आणि एक प्लग. ड्यूक २५ पीएस देत होती, १०,००० ला. फरक फक्त कॅमचा नव्हता. ड्यूकला फ्युएल इंजेक्शन होतं, एनएसला तेव्हा कार्बोरेटर. पण मुद्दा बघा. एवढं सगळं वेगळं करून, इंजिनिअरांची फौज लावून फरक पडला दीड पीएसचा. आणि तुम्हाला कोणीतरी सांगायलाय की नऊ हजाराचा कॅम टाकला की चार बीएचपी वाढतात. नुसत्या कॅमनं? स्टॉक कार्बोरेटर, स्टॉक सायलेन्सर, स्टॉक पोर्ट ठेवून? छे.

कंपन्यांनाही हा खालचं-वरचं भांडण सोडवता येत नव्हतं, म्हणून यामाहानं २०१८ च्या आर१५ मध्ये दोन्ही देऊन टाकले. इनलेटसाठी एकाच दांड्यावर दोन उंचवटे, एक शांत, एक तापट. ७,४०० आरपीएमपर्यंत शांतवाला काम करतो, त्यानंतर एक पिन रॉकरला अडकते आणि तापटवाला सूत्रं घेतो. आपल्या बाजारातल्या स्टेज टूला ही पिन नसते. तो शिवाजी चौकातल्या सिग्नललाही तापटच असतो.

बुलेटवाल्यांसाठी एक वाक्य, नाहीतर रुसतील. जुनी क्लासिक ३५० म्हणजे ७० बाय ९० मिमीचं लांब स्ट्रोकचं इंजिन, २८ न्यूटन-मीटर ४,००० ला आणि ताकद ५,२५० लाच संपते. नवी २०२१ ची, ७२ बाय ८५.८, कॅम वर हेडमध्ये गेला, ताकद ६,१०० ला. तुमच्या इंजिनाला वर पळायचं नसतंच. तिथं तापट कॅम म्हणजे बैलाला घोड्याचा नाल. ६५० ट्विनची गोष्ट वेगळी, तिला चार वॉलचं हेड आहे आणि बाहेरच्या देशांत तयार कॅम मिळतात. पण तो नऊ हजाराचा विषय नव्हे.

आता माझी गोष्ट.

माझीही १५० च होती. तीही वडिलांचीच. ते शाळेवर जायचे तिच्यावर, रोज बत्तीस किलोमीटर जाऊन-येऊन. मी एका ठिकाणाहून “हाय-लिफ्ट” कॅम आणला. नाव घेत नाही, कारण चूक त्याची अर्धी आणि माझी अर्धी. तो कॅम नवा नव्हताच, स्टॉक कॅम घासून बनवलेला होता. घासून लिफ्ट कशी वाढते? ऐका, हे कामाचं आहे. समजा उंचवट्याची टोकापासून बुडापर्यंत एकूण उंची ३४ मिमी आणि बुडाच्या गोलाचा व्यास २८. लिफ्ट ६ मिमी. आता टोकाला हात न लावता बुडाकडचा गोल अर्धा मिमी घासला. उंची झाली ३३.५, व्यास २७. लिफ्ट साडेसहा! रॉकरचं प्रमाण १.२ असेल तर वॉल ७.२ ऐवजी ७.८ मिमी उघडणार. कागदावर झकास. पण बुड खाली गेलं म्हणून टॅपेटचा स्क्रू तेवढा जास्त बाहेर काढावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो आणि तो वॉलच्या डोक्यावर मधोमध न टेकता कडेला घासायला लागतो. शिवाय घासताना वरचा कडक थर निघून गेला असेल तर कॅम काही महिन्यांत झिजतो.

मी यातलं काही तपासलं नाही. व्हर्निअरसुद्धा लावला नाही. मिस्त्री म्हणाला, “हातानं फिरवून बघितलं, कुठं अडकत न्हाई.” मलाही तेच ऐकायचं होतं.

तीन आठवडे गाडी चालली. खालून मेली होती, पण वर ओरडायची, आणि मला तेच भारी वाटायचं. मग एका संध्याकाळी चाकूरच्या अलीकडं, पाचव्यात जोरात असताना समोर म्हैस आली. घाबरून गिअर पाडले, एक जास्तच पडला. क्लच सोडला आणि इंजिन लाल रेषेच्या पार. स्टॉक स्प्रिंगला तेवढ्या आरपीएमला वॉल वेळेत परत ओढता आला नाही. यालाच फ्लोट म्हणतात. वॉल हवेत, पिस्टन वर. टक्. एकच आवाज. त्यानंतर किक अशी मोकळी की पाय जमिनीला लागला.

स्टॉक कॅम असता तर? कदाचित वाचला असता. कंपनीनं ठेवलेली जागा माझ्या वाढीव लिफ्टनं खाल्ली होती. छोट्या हत्तीत घालून गाडी नांदेडला आणली. इनलेट वॉल वाकलेला, पिस्टनवर चंद्रकोर, गाइड फुटलेलं. अकरा हजार गेले. ते वडिलांनी दिले. महिनाभर ते एसटीनं शाळेवर गेले, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून ज्यांना कॅम टाकायचाच आहे, त्यांनी हे करा. व्हर्निअर घ्या, जुना आणि नवा कॅम शेजारी ठेवून वरचा हिशेब करा. बुडाचा व्यास जुन्यापेक्षा कमी असेल तर कॅम घासलेला आहे, विक्रेता काहीही म्हणो. मग त्याला विचारा की ड्युरेशन किती लिफ्टला मोजलं. एकजण वॉल हलायला लागल्यापासून मोजतो, दुसरा १ मिमी उघडल्यापासून. एकाच कॅमचे दोन आकडे येतात आणि पहिला नेहमीच मोठा दिसतो. १ मिमीचा आकडा नसेल तर तुलना करताच येत नाही. ज्याला हा प्रश्न कळला नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

मग मातीची परीक्षा. लहान पोरांची खेळायची क्ले मिळते ना, तिचा पातळ थर पिस्टनवर वॉलच्या जागी थापायचा, थोडं तेल लावायचं, हेड जुन्या गॅस्केटसकट कसायचं, टॅपेट लावायचे आणि क्रँक हातानं, हळू, दोनदा फिरवायचा. कुठंही अडलं तर जोर लावायचा नाही. हेड काढून क्लेचा सगळ्यात पातळ भाग ब्लेडनं कापून मोजायचा. इनलेटला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमी उरले पाहिजेत. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि पिस्टन त्याचा पाठलाग करत वर येतो. हे दोघं सगळ्यात जवळ येतात ते पिस्टन अगदी वर असताना नाही, त्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर. म्हणून नुसतं टॉपला आणून बघितलं तर फसाल.

स्प्रिंगही बघा. वॉल पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांत फट उरते का? वेढे एकमेकांना टेकले तर रॉकर किंवा कॅम तुटणार. आणि मोठ्या सिंगलवाल्यांनो, तुमच्या स्टॉक कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर असेल तर नव्या कॅमवर तो आहे का ते बघा, नाहीतर स्टार्टर मोटर रडेल.

कॅम टाकल्यावर कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतातच. बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत जेट नाही, ईसीयू आहे. ओव्हरलॅप वाढला की न जळलेल्या मिश्रणाबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर जातो. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी पेट्रोल ओततो. ॲव्हरेज गेलं, पीयूसीत गाडी नापास. आपल्याकडं पेट्रोल आधीच पुण्या-मुंबईपेक्षा महाग.

कायद्याचंही सांगतो, कंटाळा आला तरी ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला दर बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवलं. एमएच-२४ असो की एमएच-२६, कॅम बाहेरून दिसत नाही हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा माणूस हेड उघडायला लावू शकतो. ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी.

आता मूळ तक्रार. अहमदपूरच्या पुढं गाडी दम का धरत नाही? यात हवेचाही हात आहे. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच, तिथं हवेचा दाब सात टक्के कमी. त्यात मे महिन्याचं ऊन. २५ अंशांऐवजी ४२ अंश असेल तर हवा आणखी पाच टक्के पातळ. दोन्ही मिळून इंजिनाला बारा टक्के कमी हवा मिळते. कोणताही कॅम हे भरून देणार नाही. नांदेड ३६० मीटरवर आहे, म्हणून इकडं गाडी जरा बरी वाटते. मावशीच्या जेवणाचा परिणाम नव्हे तो.

त्या पोराला मी म्हटलं, नऊ हजारातले आधी दीड हजार काढ. थंड इंजिनावर फिलर गेजनं टॅपेट लाव, मॅन्युअलच्या मापाला. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा घे. आकडा बराच चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर वॉल गळतोय, लॅपिंग कर. कार्बोरेटर साफ, एअर फिल्टर नवा, चेन बघ. आणि मागचं स्प्रॉकेट दोन दाते वाढव, टॉप थोडा जाईल, चढाला दम येईल.

परवा त्याचा मेसेज आला. तेल टाकलं तरी आकडा चढला नाही. इनलेट वॉलची सीट खाल्लेली होती, वर कार्बनचा थर. म्हणजे इतके दिवस दारच नीट लागत नव्हतं आणि आपण दार मोठं करायला निघालो होतो. हेड आता लेथवाल्याकडं आहे. मी विचारलं, पप्पा काय म्हणाले? म्हणतो, “ते म्हणले, मपल्या गाडीला काय झालतं ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी उघडून बघितलं.”

उरलेले पैसे त्यानं ठेवलेत. रविवारी मी लातूरला जातोय, डायल गेज घेऊन. हेड बसवताना त्याच्यासोबत थांबणार आहे. तिथला आवाज रेकॉर्ड झाला तर पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत तुमच्या गाडीचं वर्ष, सध्याची अडचण आणि पंधरा मिनिटांचा मीटरचा व्हिडिओ पाठवा. मागं बसलेल्यानं काढलेला.